आईची किडनी मुलाला चालते, मुलाची आईला का नाही?

किडनीच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "ब्लड ग्रुप एक आहे, सख्खा मुलगा आहे, बाकीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग डॉक्टर नाही का म्हणतायत?" पन्नाशी ओलांडलेल्या आईच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या असतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाललेलं असतं. मुलगा कुणी न सांगता पुढे आलेला असतो. आणि अगदी शेवटी 'क्रॉसमॅच पॉझिटिव्ह' असा शेरा येतो आणि सगळं थांबतं.

आता हेच उलट करून पाहा. मुलगा आजारी आणि किडनी देणारी आई, असं असतं तर बहुधा काहीच अडलं नसतं. माणसं तीच, नातं तेच, ब्लड ग्रुप तोच, फक्त देणारा आणि घेणारा बदलला. नऊ महिने ज्याला पोटात वाढवलं त्याचंच एक इंद्रिय आईचं शरीर स्वीकारत नाही, हे ऐकायलाही चमत्कारिक वाटतं. याचं उत्तर आहे, आणि ते त्या नऊ महिन्यांतच दडलेलं आहे. पण तिथे पोचायला शरीर परकी किडनी नाकारतं म्हणजे नेमकं काय करतं, हे आधी पाहावं लागेल. आपण 'रिजेक्ट झाली' असं दोन शब्दांत म्हणून मोकळे होतो. आत मात्र पेशींमधल्या निरोपांची एक लांबलचक साखळी हललेली असते, आणि पेशंटच्या डब्यातली जवळपास प्रत्येक गोळी त्या साखळीतली एखादी कडी अडवण्यासाठी असते.

ब्लड ग्रुपच्या पलीकडची ओळख

ब्लड ग्रुप जुळणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. ए, बी, ओ या खुणा मोजक्या आहेत, म्हणून त्या जुळणं सोपं. खरी गुंतागुंत एचएलए नावाच्या प्रथिनांची. लाल पेशी सोडल्या तर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ही प्रथिनं असतात. त्यांचं रोजचं काम साधं आहे. पेशीच्या आत जी काही प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे उचलायचे आणि बाहेर आणून दाखवायचे. पेशीत विषाणू शिरला असेल तर त्याचेही तुकडे बाहेर दिसतात, आणि गस्तीवरच्या पांढऱ्या पेशींना आतली भानगड कळते. तुकडा धरून दाखवणाऱ्या या प्रथिनांचे मानवजातीत हजारो प्रकार आहेत. त्यामुळे नात्यात नसलेल्या दोन माणसांचा संच तंतोतंत सारखा निघणं फार दुर्मीळ.

या प्रथिनांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेली असतात आणि बहुतेक वेळा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. अर्धा संच आईकडून, अर्धा वडिलांकडून. म्हणून आईवडील आणि मुलं एकमेकांशी नेमकी अर्धी जुळतात. भावंडांचा हिशेब वेगळा. दोन सख्खी भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धी जुळण्याची चारात दोन आणि अजिबात न जुळण्याचीही चारात एक. 'सख्खा भाऊ असून जुळला नाही' यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

हे सगळं कळायला बराच काळ गेला. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर दुसऱ्याची त्वचा लावून पाहिली जायची, पण ती काही दिवसांत गळून पडायची. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्या रुग्णालयात पीटर मेडावर आणि थॉमस गिब्सन यांनी एका भाजलेल्या रुग्णावर एकाच दात्याच्या त्वचेचे तुकडे दोन खेपांना लावले. दुसऱ्या खेपेचे तुकडे पहिल्यापेक्षा लवकर गेले. त्वचा तीच, दाता तोच, मग दुसऱ्यांदा घाई कसली? याचा अर्थ शरीराला पहिली खेप आठवत होती. नकार म्हणजे नुसतं 'न मानवणं' नव्हे, तर गोवर एकदा झाल्यावर पुन्हा न होण्यामागे जी यंत्रणा आहे तीच इथेही काम करते, हे त्या निरीक्षणातून पुढे आलं.

मग ओळख पूर्ण जुळली तर? २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरे यांच्या चमूने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. ते खरोखर एकाच बीजापासूनचे जुळे आहेत ना, याची खात्री करायला आधी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून तो टिकतो का ते पाहिलं होतं. तो टिकला, किडनीही टिकली आणि रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला. नकार थोपवणारी एकही गोळी तेव्हा नव्हती, आणि त्या दोघांच्या बाबतीत तिची गरजही पडली नाही. बाकीच्यांना जुळा भाऊ कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र उरलाच.

किडनी निघाली तिथपासून

नकाराची सुरुवात नवी किडनी शरीरात बसल्यावर होते असं वाटतं. खरं तर ती दात्याच्या शरीरातून निघते तेव्हापासूनच होते. रक्त थांबलं की पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. किडनी बर्फात ठेवली, थंड द्रावणाने धुतली तरी काही पेशी दुखावतातच. नंतर नव्या शरीराचं रक्त जोडलं की ऑक्सिजन एकदम आत येतो आणि इजा आणखी वाढते. फुटलेल्या पेशींतून एरवी कधी बाहेर न पडणारे रेणू रक्तात सांडतात. प्रतिकारयंत्रणेतल्या काही पेशींवर असे सांडलेले रेणू ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. 'इथे काहीतरी मोडलंय' एवढा एकच निरोप ते देतात, पण त्याने आजूबाजूच्या सगळ्या पेशी जाग्या होतात.

या जाग्या झालेल्यांत डेंड्रायटिक पेशी सर्वांत महत्त्वाच्या. यांना फांद्यांसारखे फाटे असतात, आणि दिसेल ते प्रथिन गिळून त्याचे तुकडे एचएलएवर मांडून दाखवणं हे त्यांचं काम. दात्याच्या किडनीत त्याच्या स्वतःच्या डेंड्रायटिक पेशी बसलेल्याच असतात. किडनीबरोबर त्या नव्या शरीरात येतात, इजेच्या निरोपाने जाग्या होतात आणि किडनी सोडून घेणाऱ्याच्या प्लीहेत, लसिकाग्रंथींत पोचतात. मानेत गाठ आली की आपण चाचपतो ना, तशा ग्रंथी. तिथे त्यांची गाठ टी पेशींशी पडते.

टी पेशी म्हणजे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडलेल्या पांढऱ्या पेशी. प्रत्येकीवर एक ग्राहक असतो आणि प्रत्येकीचा ग्राहक थोडा वेगळा. एखाद्या नव्या विषाणूचा तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एखादी, कधी त्याहूनही कमी असते. पण दुसऱ्या माणसाचा एचएलए समोर आला की शंभरातल्या एक ते दहा टी पेशी खवळतात! रोगजंतूंपेक्षा आपल्याच जातीच्या माणसाला इतका विरोध का? कारण थायमसमध्ये या पेशी स्वतःच्या एचएलएवर नजर ठेवण्यासाठीच निवडलेल्या असतात. परका एचएलए दिसायला बराचसा आपल्यासारखा, पण किंचित वेगळा. 'आपलाच एचएलए, त्यावर काहीतरी भलतं चिकटलंय' असंच टी पेशीला वाटतं. शत्रू अगदीच अनोळखी असता तर तिने कदाचित ढुंकूनही पाहिलं नसतं.

किडनी किती दुखावली याला किती महत्त्व आहे, हे १९९५ मध्ये पॉल तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीतून दिसलं. नवराबायकोचे एचएलए जुळण्याचं काही कारण नसतं. तरीही जोडीदाराने दिलेल्या किडन्या जवळपास आईवडिलांनी दिलेल्या किडन्यांइतक्याच टिकत होत्या, आणि मृत दात्यांच्या, कागदावर जास्त जुळणाऱ्या किडन्यांपेक्षा चांगल्या. जिवंत, धडधाकट माणसाची किडनी शेजारच्या शस्त्रक्रियागृहातून थोड्या वेळात येते. मृत दात्याची किडनी आधीच आजारी शरीरातून निघालेली असते आणि कित्येक तास बर्फात काढून येते. अवयव एका शहरातून दुसऱ्या शहरात नेताना पोलीस 'ग्रीन कॉरिडॉर' करतात तो याच तासांसाठी.

दोन किल्ल्यांचं लॉकर

टी पेशी इतक्या सहज खवळतात तर आपलं शरीर आपल्यालाच खाऊन का टाकत नाही? कारण परकं दिसलं एवढ्याने टी पेशी कामाला लागत नाही. बँकेचं लॉकर जसं एका किल्लीने उघडत नाही, आपली किल्ली फिरवली तरी बँकेच्या माणसाने येऊन त्याची फिरवावी लागते, तसंच इथे आहे. पहिली किल्ली म्हणजे टी पेशीच्या ग्राहकाने परका एचएलए पकडणं. दुसरी किल्ली म्हणजे टी पेशीवरच्या सीडी २८ नावाच्या प्रथिनाने समोरच्या डेंड्रायटिक पेशीवरचा त्याचा जोडीदार पकडणं. आणि हा जोडीदार डेंड्रायटिक पेशी भरपूर प्रमाणात बाहेर काढते ती इजा झाल्याचा निरोप मिळाल्यावरच. नुसती पहिली किल्ली फिरली तर टी पेशी उलट सुस्त पडते आणि पुढेही सहजी उठत नाही.

दोन्ही किल्ल्या फिरल्या की पेशीच्या आत काय होतं ते जरा जवळून पाहू, कारण आजची बहुतेक औषधं इथेच घुसतात. ग्राहकाच्या आतल्या टोकाशी असलेली एन्झाइमं एकापाठोपाठ एक जागी होतात आणि शेवटी पेशीतले कॅल्शियमचे साठे उघडतात. कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम चालू होतं. त्याचं गिऱ्हाईक एकच आपल्या कामाचं: एनएफएटी. हे प्रथिन एरवी पेशीरसात पडून असतं, कारण त्याला फॉस्फेट चिकटलेले असतात आणि त्यामुळे त्याला केंद्रकात शिरता येत नाही. कॅल्सिन्यूरिन ते फॉस्फेट काढून टाकतं. मोकळं झालेलं एनएफएटी केंद्रकात जातं, डीएनएवर बसतं आणि इंटरल्यूकिन-२ तयार करायचं जनुक चालू करतं.

इंटरल्यूकिन-२ हा टी पेशीने बाहेर सोडायचा निरोप आहे, आणि गंमत म्हणजे तो ती बऱ्याच अंशी स्वतःलाच पाठवते. त्याच सुमाराला ती त्याचा ग्राहकही आपल्या अंगावर उभा करते. निरोप ग्राहकावर बसला की आत एमटॉर नावाचं एन्झाइम चालू होतं. 'आता खा, वाढ आणि विभाग' हा त्याचा हुकूम. दोन किल्ल्यांनंतरचा हा तिसरा निरोप. पहिला दिवस तयारीत जातो, पुढे पेशी दिवसातून दोन-तीनदा विभागते. थोड्याच दिवसांत एकीच्या हजारो होतात आणि ग्रंथीतून बाहेर पडून किडनीकडे निघतात.

किडनीत पोचलेल्या टी पेशी मूत्रनलिकांच्या भिंतीत अक्षरशः घुसून बसतात. त्यातल्या मारेकरी पेशी समोरच्या पेशीला चिकटतात, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिला छिद्रं पाडतात आणि त्यातून आत सोडलेली एन्झाइमं त्या पेशीला स्वतःला संपवायला भाग पाडतात. सूक्ष्मदर्शकाखाली नळीच्या भिंतीतल्या पेशींमध्ये गोल, गडद ठिपके घुसलेले दिसतात. असे किती दिसले की काय म्हणायचं, यावर जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांचं एकमत व्हावं म्हणून १९९१ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ गावी एक बैठक झाली. आजही बायॉप्सीच्या रिपोर्टवर त्या गावाचं नाव असतं.

मातीतून आलेली कुलपं

१९६० च्या दशकात आणि १९७० च्या सुरुवातीला अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड एवढीच हत्यारं होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातला १९६५ चा प्रयत्न, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातलं १९७१ मधलं प्रत्यारोपण, ही सगळी त्या काळातली. या औषधांचा मारा सरसकट असायचा. नकार थांबायचा, पण जंतुसंसर्गाने माणूस जायचा.

चित्र बदललं ते मातीमुळे. सँडोझ या स्विस कंपनीचे लोक सुट्टीवर जाताना सोबत पिशव्या नेत आणि तिथली माती आणत, त्यातल्या बुरशीत एखादं प्रतिजैविक सापडेल या आशेने. नॉर्वेच्या हार्डांगर पठारावरून आलेल्या अशाच मातीतल्या बुरशीत सायक्लोस्पोरिन सापडलं. जंतू मारण्यात ते फारसं कामाचं निघालं नाही, पण टी पेशींना आवरतं हे १९७० च्या दशकात लक्षात आलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत टॅक्रोलिमस सापडलं. तिसरं, रॅपामायसिन, प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतलं. त्यावर काम करणारे सुरेन सेहगल हे अविभाजित भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ. मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा कंपनीने बंद केली तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवले, म्हणून ते औषध आज आहे.

ही तीन औषधं काय करतात ते १९९० च्या आसपास उलगडलं, आणि ते फार देखणं आहे. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस पेशीत शिरून आधी एकेका लहानशा प्रथिनाला चिकटतात. मग ती जोडी मिळून कॅल्सिन्यूरिनला अडवते. दोन औषधं रचनेने पूर्ण वेगळी, चिकटतात तीही वेगवेगळ्या प्रथिनांना, आणि शेवटी येऊन एकाच एन्झाइमवर बसतात. रॅपामायसिन टॅक्रोलिमसच्याच प्रथिनाला चिकटतं, पण ती जोडी कॅल्सिन्यूरिनकडे न जाता एमटॉरला अडवते. एमटॉर हे नावही त्या औषधावरूनच पडलं. तोवर हे एन्झाइम पेशीत आहे याचा कुणाला पत्ताही नव्हता.

चौकट: कोणतं औषध कुठली कडी अडवतं?

शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी दिलं जाणारं बेसिलिक्सिमॅब इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहकावर बसतं. निरोप सुटतो, पण पोचत नाही. रोजची टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन तो निरोप तयारच होऊ देत नाहीत. मायकोफेनोलेट डीएनएचा एक घटक नव्याने बनवणं थांबवतं. इतर पेशी तो घटक जुन्या मोडतोडीतून परत वापरतात, टी पेशींना आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या बी पेशींना ते पुरत नाही, म्हणून विभाजन नेमकं त्यांचंच अडतं. स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन बऱ्याच निरोपांची जनुकं एकदम मंद करतं. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं बेलॅटासेप्ट दुसरी किल्ली, सीडी २८ ची, फिरूच देत नाही. मात्र जुनी आठवण असलेल्या टी पेशींना ती किल्ली फारशी लागत नाही, त्यामुळे या औषधावर सुरुवातीचा नकार थोडा जास्त दिसतो, पण किडनीचं काम दीर्घकाळ चांगलं राहतं.

वाचवणारंच औषध बाधतं तेव्हा

कॅल्सिन्यूरिन फक्त टी पेशींत असतं तर बरं झालं असतं. ते मेंदूत आहे, म्हणून टॅक्रोलिमसवर हात थरथरतात. चहाचा कप बशीत वाजायला लागतो तो यामुळे. ते स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींत आहे, म्हणून आधी साखर नसलेल्यालाही मधुमेह होतो. आणि ही औषधं किडनीतल्या बारीक धमन्या आकसवतात. थोडक्यात, किडनी वाचवणारी गोळीच जास्त झाली की किडनीला बाधते.

यातून रोजचा एक पेच उभा राहतो. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.२ वरून १.८ झालं. पेशंटला काहीच होत नसतं. पूर्वी ताप यायचा, नवी किडनी सुजून दुखायची. आताच्या औषधांवर नकार बहुधा मुकाट्यानेच येतो. मग हे क्रिएटिनिन नकाराने वाढलं की औषधाच्या बाधेने? पहिलं असेल तर औषध वाढवायचं, दुसरं असेल तर कमी करायचं. अंदाज चुकला तर किडनीच जाईल. म्हणून डॉक्टर बायॉप्सी सांगतात. नातेवाईक हबकतात, 'आता पुन्हा सुई कशाला' म्हणतात. पण नवी किडनी पाठीत नसते. जुन्या किडन्या बहुधा जागच्या जागीच ठेवून नवी पोटात खाली, जांघेच्या वर, कातडीपासून फार खोल नाही अशी बसवलेली असते. त्यामुळे सोनोग्राफीवर पाहत सुईने एक बारीक धागा काढणं तुलनेने सोपं असतं. माझ्या मते प्रत्यारोपणाआधी घरच्यांना जे काही समजावून सांगितलं जातं त्यात ही गोष्ट अगदी पहिल्या पानावर हवी. सुईला घाबरून आठवडा घालवलेली घरं कमी नाहीत.

बायॉप्सीत टी पेशींचा नकार दिसला तर बहुतेकदा स्टेरॉइडचे मोठे डोस तीन दिवस शिरेतून दिले की तो आटोक्यात येतो. आजच्या औषधांमुळे या प्रकारच्या नकाराने किडनी जाण्याचं प्रमाण खूपच कमी झालं आहे. डोकेदुखी आहे ती दुसऱ्या प्रकाराची.

बाळंतपणाची आठवण

टी पेशींनी मदत केली की बी पेशी प्रतिपिंडं बनवू लागतात. ही प्रतिपिंडं रक्तातून फिरतात आणि किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरचा परका एचएलए पकडतात. त्यांच्यावर मग रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं ओळीने चढतात. अस्तर फाटतं, गुठळ्या होतात, वाहिन्या हळूहळू जाड होऊन बुजतात. या झटापटीची एक खूण, सी४डी नावाचा तुकडा, अस्तराला घट्ट चिकटून राहतो. बायॉप्सीत तो रंगवून पाहता येतो, आणि १९९० च्या दशकात ते जमल्यापासूनच हा प्रकार नीट ओळखता येऊ लागला.

प्रतिपिंडं प्रत्यारोपणानंतर तयार झाली तर नुकसान वर्षानुवर्षं संथपणे चालतं. पण ती आधीपासूनच असली तर? टाके घालून रक्त सोडल्यावर गुलाबी व्हायला हवी ती किडनी काही मिनिटांत निळी-काळी पडते आणि तिथेच काढून टाकावी लागते. हे टाळण्यासाठी दात्याच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून आधीच पाहायचं. पेशी मेल्या तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये याचा हिशेब मांडला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असतानाही केलेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ किडन्या लगेच बंद पडल्या होत्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ मधल्या फक्त ८. तेव्हापासून क्रॉसमॅच न करता सहसा कुणी किडनी बसवत नाही.

ही प्रतिपिंडं आधीपासून कशी असतात? तीन वाटा आहेत. आधीचं प्रत्यारोपण, रक्त चढवणं आणि गर्भारपण. बाळाचा अर्धा एचएलए बापाकडचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. मग नऊ महिने ते टिकतं कसं? वारेच्या ज्या थराचा आईच्या रक्ताशी थेट संबंध येतो त्या थरावर नेहमीचे, माणसागणिक बदलणारे एचएलए बहुतांशी नसतातच. त्याऐवजी टी पेशींना शांत ठेवणारा एक वेगळा, जवळजवळ सगळ्यांत सारखाच असलेला प्रकार असतो. पण बाळाच्या काही पेशी गर्भारपणात आणि विशेषतः बाळंतपणात आईच्या रक्तात मिसळतात. तिथे तिचं शरीर बापाकडचा तो अर्धा संच पाहतं आणि काही स्त्रियांत त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. बाळाला त्याने काही होत नाही, आईलाही कळत नाही. आठवण मात्र पेशींत दशकानुदशकं राहते. मुलगा तीस वर्षांनी किडनी द्यायला येतो तेव्हा त्या किडनीवर नेमका तोच अर्धा संच असतो. मुलाच्या शरीराने मात्र आईविरुद्ध अशी आठवण सहसा साठवलेली नसते, म्हणून उलट दिशेने अडत नाही. नवरा दाता असला तरी बायकोच्या बाबतीत हीच अडचण.

आता हे आपल्याकडच्या वस्तुस्थितीशेजारी ठेवून पाहा. भारतात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, आया आणि पत्नी, आणि घेणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त. बाईला गरज पडते तेव्हा मुळात पुढे येणारे कमी. आणि जे येतात, नवरा आणि मुलं, त्यांच्याविरुद्धच तिच्या रक्तात प्रतिपिंडं असण्याचा संभव सर्वाधिक. समाजाने केलेला अन्याय आणि जीवशास्त्राची अडचण इथे एकावर एक येऊन बसतात. प्लाझ्मा बदलून, इंजेक्शनं देऊन प्रतिपिंडं कमी करता येतात, पण तो खर्च मोठा आणि यशही सगळ्यांना सारखं नाही. त्यापेक्षा सोपा मार्ग अदलाबदलीचा. आपला मुलगा दुसऱ्या कुटुंबातल्या रुग्णाला जुळतो, त्यांचा दाता आपल्या आईला. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा २०११ मध्ये सुधारला गेला तेव्हा अशा अदलाबदलीला स्पष्ट जागा मिळाली. कुटुंबं मात्र 'परक्याला कशाला' म्हणून अजूनही बिचकतात.

डायलिसिसवर असताना शक्यतो रक्त चढवू नये, हिमोग्लोबिन इंजेक्शनने वाढवावं, असं डॉक्टर सांगतात तेही याच कारणाने. प्रत्येक पिशवीबरोबर कुणा अनोळखी माणसाच्या पांढऱ्या पेशी येतात, आणि एक नवी आठवण साठण्याची शक्यता.

लेव्हलचं गणित

इतक्या कड्या अडवूनही शरीर हार मानत नाही. दात्याच्या डेंड्रायटिक पेशी काही महिन्यांत संपतात, तरी घेणाऱ्याच्या स्वतःच्या डेंड्रायटिक पेशी किडनीतून झडलेले तुकडे उचलून टी पेशींना दाखवत राहतात. ही वाट किडनी असेपर्यंत बंद होत नाही. म्हणून दहा वर्षं सगळं सुरळीत चाललेला माणूस 'आता जुळून आलंय' म्हणत गोळ्या सोडतो आणि काही महिन्यांत परत डायलिसिसवर येतो. दात्याची अस्थिमज्जा किंवा मूलपेशीही सोबत देऊन शरीराला कायमची सवय लावायचे प्रयत्न बोस्टन, स्टॅनफर्ड, अहमदाबाद अशा ठिकाणी झाले आहेत. काहींच्या गोळ्या खरंच सुटल्या. नेहमीचा उपचार म्हणून सर्वांना देता येईल असं त्यातून अजून काही हाती आलेलं नाही.

तोवर सगळा भरवसा रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या पातळीवर, पेशंटच्या भाषेत 'लेव्हल'वर. तिची सुरक्षित पट्टी अरुंद आहे, आणि आतड्यातलं व यकृतातलं एक एन्झाइम हे औषध सतत मोडत असतं. त्या एन्झाइमला जे अडवतं ते लेव्हल वाढवतं. ग्रेपफ्रूट आणि गणपतीच्या सुमाराला बाजारात येणारा पपनस यांत ते गुण आहेत. रक्तदाबाचं डिल्टियाझेमही तेच करतं. आपल्याकडे काही डॉक्टर ते मुद्दाम सोबत देतात, म्हणजे कमी टॅक्रोलिमसमध्ये भागतं आणि महिन्याचं बिल उतरतं. काटकसरीची ही शक्कल चांगली आहे, पण मग डिल्टियाझेमची गोळी 'बीपी नॉर्मल आहे' म्हणून परस्पर बंद करायची नाही. ती बंद झाली की टॅक्रोलिमसची लेव्हलही घसरते.

सर्वांत मोठा धोका उलट दिशेचा आहे. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला आपल्या देशात क्षयरोग होणं नवलाचं नाही. त्यावरचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन त्याच एन्झाइमला इतकं वाढवतं की टॅक्रोलिमसची लेव्हल काही दिवसांत तळाला जाते. किडनीच्या डॉक्टरांना न विचारता गावातल्या दवाखान्यात क्षयाचा कोर्स सुरू झाला की पुढचा नकार जवळपास ठरलेला. किडनीतज्ज्ञ अशा वेळी रिफॅम्पिसिनऐवजी दुसरी औषधं निवडतात, नाहीतर टॅक्रोलिमस कित्येक पट वाढवून आठवड्यातून दोनदा लेव्हल पाहतात.

आणि लेव्हल पाहायची तीही एका विशिष्ट वेळी. गोळी बारा-बारा तासांनी असते, आणि टी पेशींना संधी मिळते ती पुढची गोळी घेण्याच्या जरा आधी, औषध सर्वांत कमी उरलेलं असताना. डॉक्टरांना नेमका तोच आकडा हवा असतो. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची टॅक्रोलिमस घरून घेऊन निघायचं नसतं. ती खिशात ठेवायची आणि प्रयोगशाळेत रक्त देऊन झाल्यावर घ्यायची.